रोग, मन आणि लोकलज्जा : समन्वित संशोधनाची गरज



रोगाने माणूस खचतो हे सर्वांना ठाऊक आहे. रोगाच्या नावाने तो किती खचतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. घरात कोणाला हिवताप झाला तर शेजारी विचारपूस करावयास येतात. त्याच घरात कुष्ठरोग, मनोविकार किंवा एचआयव्हीचा संसर्ग निघाला, तर तेच शेजारी उंबऱ्याशी थबकतात. शरीरातील विकार ही एक गोष्ट आणि समाजाने त्या विकाराला चिकटवलेला अर्थ ही दुसरी. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली या दुसऱ्या गोष्टीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून ‘कलंक’ हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय बनला. मराठी माणसाला त्यासाठी ग्रंथाची गरज नव्हती. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांत त्याने तो विषय केव्हाच सांगून ठेवला आहे.

कलंक, मनःस्वास्थ्य आणि एचआयव्ही हे तीन विषय शासनदरबारी तीन निरनिराळ्या कार्यक्रमांत विभागलेले आहेत. संशोधनसंस्थांतही त्यांची दालने वेगळी असतात. परंतु ज्याच्यावर हे तिन्ही प्रसंग येतात तो रुग्ण एकच असतो. म्हणून या विषयांवरील संशोधन परस्परसहकार्याने आणि सुसूत्रपणे झाले पाहिजे. हा समन्वय प्रशासनाच्या सोयीसाठी आहे असे समजणे चुकीचे ठरेल. वरळीसारख्या दाट वस्तीत तो रुग्णाच्या सुरक्षिततेची पहिली अट आहे.

गिरणगावाचा जुना अनुभव

मध्य मुंबईने या प्रश्नाचा अनुभव सव्वाशे वर्षांपूर्वीच घेतला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रुग्णांना घरातून सक्तीने हलविण्यास प्रारंभ होताच शहरात अफवा पसरल्या, आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. पुढील वर्षी साथरोग कायदा झाला. परंतु कायद्याने लोकांच्या मनातील भीती गेली नाही. ताप आलेल्या माणसाला नातेवाईक लपवून ठेवीत, आणि लपविलेला रुग्ण उपचारालाही मुके व रोगप्रसारालाही कारण होई. सक्ती आणि भीती एकत्र आल्या म्हणजे रोग दडून बसतो, हा त्या काळाचा धडा होय.

कुष्ठरोगाच्या बाबतीत हेच अधिक काळ चालले. मुंबईचे तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडण्यात आले. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. मराठी पोवाड्यांचे संकलन प्रसिद्ध करणारे ॲक्वर्थ म्हणून शिक्षकवर्गाला हे नाव परिचित असेल. १८९८ च्या कायद्याने कुष्ठरुग्णाला समाजापासून वेगळे करण्याचे अधिकार शासनाला दिले. पुढे बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होऊ लागला; जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये त्याची शिफारस केली आणि पाठोपाठ भारतात तो उपचार सुरू झाला. तथापि १८९८ चा तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ मध्ये. औषध मिळाल्यानंतरही पुस्तकातील कलंक पुसण्यास तीन तपांहून अधिक काळ लागला. मनातील कलंकाला किती लागेल, हे यावरून ताडता येईल.

पुढे १९९८ मध्ये मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली आणि तिचे कार्यालय या ॲक्वर्थ रुग्णालयाच्या आवारातच थाटण्यात आले. एका शतकाने ज्या रोगाला बहिष्कृत केले त्याच्या अंगणात दुसऱ्या शतकातील बहिष्कृत रोगाचे काम सुरू झाले. या दोन रोगांच्या अभ्यासकांनी एकमेकांकडून शिकावे, याला यापेक्षा समर्पक जागा सापडणे कठीण.

मुंबईतील एक मार्गदर्शक अभ्यास

असे शिकण्याचा एक उत्तम नमुना मुंबईतच निर्माण झाला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मिचेल वाइस, परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे डॉ. डी. आर. दूंगाजी आणि त्यांचे सहकारी यांनी कुष्ठरोग व मनःस्वास्थ्य यांच्या संबंधाचा अभ्यास केला. तो १९९२ मध्ये ब्रिटनच्या मानसोपचारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या अभ्यासाची मांडणी समजून घेण्याजोगी आहे.

अभ्यासकांनी बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटात नुकतेच निदान झालेले ५६ कुष्ठरुग्ण होते. दुसऱ्या गटात कोड असलेले १९ जण होते. कोड हा संसर्गजन्य नाही, त्याने हातपाय झडत नाहीत. परंतु समाज त्याकडे वाकड्या नजरेने पाहतो. तिसऱ्या गटात शिबे आलेले १२ जण होते. शिबेही कातडीवर दिसतात, परंतु त्यांना कोणी नावे ठेवीत नाही. या सर्वांची मानसिक तपासणी केली असता नैराश्य, चिंताविकार किंवा मनोजन्य शारीरिक तक्रारी यांचे निदान कुष्ठरुग्णांपैकी ५० टक्के, कोड असलेल्यांपैकी ३७ टक्के आणि शिबे असलेल्यांपैकी अवघ्या ८ टक्के व्यक्तींमध्ये झाले. गट लहान होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शेवटच्या गटातील ८ टक्के म्हणजे बारांतील एक माणूस. तरीही दिशा स्पष्ट आहे. तिन्ही विकार कातडीचेच होते. कोड जिवावर बेतत नाही आणि शिबेही बेतत नाहीत, तरी एकाने मन पोखरले आणि दुसऱ्याने नाही. फरक डागात नव्हता, डागाला दिलेल्या अर्थात होता.

या अभ्यासासाठी मुलाखतीची जी पद्धती तयार झाली ती पुढे अन्य देशांत आणि अन्य रोगांच्या अभ्यासांत वापरली गेली. रुग्णाला आपला आजार कशामुळे झाला असे वाटते, तो त्याला कोणत्या नावाने ओळखतो, उपचारासाठी प्रथम कोठे जातो, कोणापासून काय लपवितो, हे त्याच्याच शब्दांत टिपून पुढे त्याचे आकड्यांत रूपांतर करावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. तिच्यातून एक अनपेक्षित गोष्टही बाहेर आली. आपला रोग शरीरातील दोष बिघडल्यामुळे झाला, असे परंपरागत समजुतीने मानणारे रुग्ण दवाखान्यात अधिक नियमितपणे येत होते. वरळीला राज्य शासनाचे पोदार आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालय आहे. त्या परिसरातील अनेक कुटुंबे वात, पित्त व कफ यांच्याच भाषेत आजाराचा विचार करतात. आधुनिक औषध देणाऱ्याने त्या भाषेला अडाणीपणा म्हणून हिणविले तर रुग्ण दुरावतो. तिचा आदर ठेवून औषध दिले तर तो टिकतो. त्वचारोगतज्ज्ञ एकटा असता तर हा निष्कर्ष त्याच्या हाती लागला नसता, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे तर हे रुग्ण पोहोचलेच नसते. तो सहकार्यातूनच लाभला.

एचआयव्ही : औषध पुढे, भीती मागे

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये आढळला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली, आणि त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. १ एप्रिल २००४ पासून शासकीय रुग्णालयांतून विषाणुरोधक औषधे मोफत मिळू लागली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी होते. २०१७ पासून संसर्ग आढळलेल्या प्रत्येकाला, त्याची प्रतिकारशक्ती कितीही असो, उपचार देण्याचे धोरण स्वीकारले गेले. आज बहुतेक रुग्णांना दिवसाला एक गोळी पुरते.

या धोरणामागेही एक मोठे सहयोगी संशोधन उभे आहे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा त्यात समावेश होता. प्रत्येक जोडप्यात एकाला संसर्ग होता, दुसऱ्याला नव्हता. भारतातील पुणे व चेन्नई येथील केंद्रे या कामात सहभागी होती. उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ मध्ये जाहीर झाले. पुढील अभ्यासांनी हे अधिक पक्के केले. नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून संसर्ग पोहोचत नाही, हे आता सर्वमान्य आहे.

भीतीला आता शास्त्रीय आधार उरलेला नाही. तरी भीती उरली आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. शालिनी भरत आणि सहकाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमासाठी मुंबई व बंगळूर येथे केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालय, कामाचे ठिकाण, कुटुंब व वस्ती अशा सर्व ठिकाणी भेदभाव कसा घडतो, याचे चित्र त्यातून पुढे आले. पतीकडून संसर्ग झालेल्या स्त्रीलाच घरात दोष दिला जातो, हेही त्यात दिसले. याच दोन शहरांतील डॉक्टर, परिचारिका व वॉर्डमधील कर्मचारी यांच्याविषयीचा अभ्यास २०१३ मध्ये आला. रोग लागेल ही भीती आणि रुग्णाने स्वतःच हे ओढवून घेतले हा ग्रह, या दोहोंतून दवाखान्यातही कलंक पोसला जातो, असे त्याने दाखवून दिले.

या कलंकाचा मनावर आणि मनाचा औषधावर परिणाम होतो. उदास मनुष्य गोळी चुकवितो. गोळी चुकली की विषाणू पुन्हा वाढतो. प्रकृती ढासळली की गुपित फुटेल ही भीती वाढते आणि मन आणखी खचते. हे रहाट कोठेतरी थांबवावयाचे तर एचआयव्हीच्या केंद्रात मनाची चौकशी झाली पाहिजे आणि मनोविकाराच्या कक्षात एचआयव्हीविषयी मोकळेपणा असला पाहिजे.

वरळीच्या चाळीतील कसोटी

वरळीच्या बी.डी.डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात तत्कालीन मुंबई विकास विभागाने बांधल्या. एकूण १२१ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, आणि शौचालये मजल्यागणिक सामाईक. आता पुनर्विकास सुरू असून २०२५ मध्ये काही कुटुंबांना नव्या इमारतींत घरे मिळाली. तथापि मध्य मुंबईच्या चाळींत व वस्त्यांत अशाच एका खोलीत तीन पिढ्या नांदल्या आहेत. या घरांची दारे दिवसभर उघडी असतात. अडीअडचणीला अख्खा मजला धावून येतो, हे चाळीचे बळ आहे. त्याच कारणाने कोणाची कोणतीही गोष्ट मजल्यापासून लपत नाही.

अशा घरात एचआयव्हीग्रस्त व्यक्तीने गोळ्यांची बाटली कोठे ठेवावी? रोज ठरावीक वेळी गोळी घेताना सासूने, दिराने, शेजारणीने विचारले तर काय सांगावे? संशोधकाच्या प्रश्नावलीत हे प्रश्न अनेकदा असतात. परंतु त्याच्या लक्षात न येणारा प्रश्न वेगळाच आहे. तो स्वतः जेव्हा हातात फाईल आणि खांद्यावर संस्थेच्या नावाची पिशवी घेऊन त्या दाराशी उभा राहतो, तेव्हा मजल्याला काय कळते?

समजा, एका वस्तीत एक संस्था एचआयव्हीच्या औषधोपचाराचा अभ्यास करीत आहे, दुसरी नैराश्याचा आणि तिसरी भेदभावाचा. तिघांचे कार्यकर्ते वेगवेगळ्या दिवशी त्याच ठरावीक दारांशी जाऊ लागले तर चार आठवड्यांत सर्व मजल्याला ती दारे पाठ होतील. प्रत्येक संस्थेने गुप्ततेचे नियम पाळलेले असतील, कोणी कोणाचे नाव उच्चारलेले नसेल. तरीही भेटींच्या गर्दीनेच गुपित फुटेल. कलंकाचा अभ्यास करावयास निघालेले संशोधन अशा रीतीने स्वतःच कलंक वाटीत फिरेल. एकेका संस्थेच्या नियमावलीत या धोक्यावर उपाय नाही. तो संस्थांच्या आपसांतील समन्वयातच आहे.

मुंबई आणि गाव यांचे नाते ध्यानात घेता हा प्रश्न मुंबईपुरता राहत नाही. गिरणगावातील कुटुंबांची मुळे कोकणात व घाटावर आहेत. गणपतीला, शिमग्याला, जत्रेला चाकरमानी गावी जातो आणि त्याच्याआधी त्याची बातमी गावी पोहोचते. वरळीत फुटलेले गुपित रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातील वाडीत भावाच्या सोयरिकीआड येऊ शकते. म्हणून या विषयाशी ग्रामपंचायतीचा संबंध काय, हा प्रश्नच उद्भवत नाही.

समन्वयाची अंगे

समन्वय म्हणजे निव्वळ संयुक्त बैठका आणि इतिवृत्ते नव्हेत. त्याची काही निश्चित अंगे आहेत.

पहिले अंग भाषेचे. सर्व सहभागी संस्थांनी एकाच अर्थाचे शब्द वापरले तरच निष्कर्षांची तुलना होऊ शकते. परभाषेतील प्रश्नावली मराठीत आणून तिचे दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा मूळ भाषेत रूपांतर करवून पडताळणे, ही रूढ पद्धत आहे. पण तेवढ्याने भागत नाही. ‘आपणास नैराश्य वाटते काय?’ या प्रश्नाला वरळीची गृहिणी नकार देईल. ‘कशात जीव लागत नाही का? टेन्शन येते का? झोप उडाली आहे का?’ असे विचारले तर ती बोलू लागेल. तसेच, प्रत्यक्ष झालेला अपमान, होईल या भीतीने सोसलेली घुसमट आणि स्वतःच स्वतःला अपराधी मानणे, या तीन अवस्था निरनिराळ्या मोजल्या पाहिजेत. ज्याने कोणालाच सांगितलेले नाही त्याचा अपमान झालेला नसतो, पण त्याची घुसमट सर्वांत अधिक असू शकते.

दुसरे अंग भेटीचे. एका वस्तीत कोण, केव्हा आणि कोणत्या निमित्ताने जाणार, याची नोंद एका ठिकाणी असावी. मुलाखत घरात न घेता रुग्णाने निवडलेल्या जागी व्हावी. घरोघर जाणे अटळ असेल तर सर्वसाधारण आरोग्याचे प्रश्न घेऊन सर्वच घरांत जावे, म्हणजे कोणते एक दार उठून दिसणार नाही. त्याच इमारतीत राहणारा कार्यकर्ता तेथील मुलाखतीसाठी नेमू नये.

तिसरे अंग नोंदवहीचे. नाव एका कुलपात आणि उत्तरे दुसऱ्या कुलपात असावीत. दोहोंना जोडणाऱ्या क्रमांकांची यादी एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी. संगणकाच्या काळातही तत्त्व हेच आहे.

चौथे अंग जबाबदारीचे. मुलाखतीत एखाद्याने जगणे नकोसे झाल्याचे सांगितले आणि संशोधकाने ते उत्तर रकान्यात भरून पुढचा प्रश्न विचारला, तर ते संशोधन नीतीला धरून नाही. अशा व्यक्तीला त्याच दिवशी कोणाकडे न्यावयाचे हे कामाला हात घालण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर, आणि एड्सविषयक राष्ट्रीय मदतवाहिनी १०९७ या क्रमांकावर उपलब्ध आहे. प्रत्येक कार्यकर्त्याच्या वहीत हे क्रमांक असावेत. परंतु क्रमांक दिला म्हणजे कर्तव्य संपले असे समजू नये.

पाचवे अंग परतफेडीचे. ज्या वस्तीने माहिती दिली तिला निष्कर्ष मराठीत, सोप्या शब्दांत आणि वेळेवर कळले पाहिजेत. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींना प्रश्नावली तयार होण्याच्या टप्प्यापासूनच सल्लागार म्हणून सोबत घेतले, तर मागाहून सारवासारव करण्याची वेळ येणार नाही.

कायद्याचा आधार

गुप्तता राखूनही न्याय मिळू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये घालून दिले. एचआयव्हीचा संसर्ग आढळल्यामुळे काम नाकारल्या गेलेल्या एका कामगाराने दाद मागितली. न्यायालयाने त्याला खरे नाव उघड न करता अक्षरांनी ओळखले जाण्याची मुभा दिली. काम करण्यास जो सक्षम आहे आणि ज्याच्यापासून इतरांना लक्षणीय धोका नाही, त्याला केवळ संसर्गाच्या कारणाने कामावरून दूर ठेवता येणार नाही, असा निर्णय त्याने दिला.

त्यानंतर संसदेने २०१७ मध्ये केलेला एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा, घर यांत भेदभाव करण्यास मनाई आहे. माहितीपूर्ण संमतीवाचून चाचणी, उपचार किंवा संशोधन करता येत नाही. शंभर किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनेत, आणि आरोग्यसंस्थेच्या बाबतीत वीस किंवा अधिक व्यक्ती असल्यास, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क मानला. अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयात या तरतुदी कागदावर आहेत की व्यवहारात, हे एकदा तपासून पाहावे.

शाळा आणि पंचायत

शेवटी, संशोधनाचे फळ वस्तीत व गावात रुजविणाऱ्यांविषयी. शिक्षकाच्या तोंडचा एक शब्द वर्गातील चाळीस घरांत पोहोचतो. मनोविकार झालेल्या माणसाला चिडविणे ही गंमत नाही आणि एचआयव्हीग्रस्त मुलाशेजारी बसून डबा खाण्यात धोका नाही, या दोन गोष्टी त्याने ठामपणे सांगितल्या तरी पुष्कळ काम होईल. मात्र वर्गातील कोणा मुलाच्या घरी काय आहे, हे त्याला कळले असल्यास ते त्याच्यापाशीच राहिले पाहिजे. पंचायत सदस्यांनी आरोग्यविषयक सभेत कोणाच्या नावाची चर्चा होऊ देऊ नये. गावी परतलेल्या आजारी माणसाला रेशन, औषध व कामाचा दाखला विनाचौकशी मिळेल, इतके पाहावे. संशोधक गावात आले तर त्यांना यादी देण्यापूर्वी त्यांच्यापाशी नीती समितीची मान्यता आहे काय, आणि याच विषयावर दुसरे कोणी काम करीत आहे काय, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

प्लेगच्या वेळी रुग्णाला कुटुंबीयांनी लपविले. आज एचआयव्हीग्रस्त व्यक्ती स्वतःलाच लपविते. तिला उजेडात ओढून आणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिला स्वतःहून बाहेर यावेसे वाटेल इतका विश्वास निर्माण करणे मात्र डॉक्टर, संशोधक, शिक्षक आणि पंचायत या सर्वांच्या हाती आहे. तो विश्वास एकाच्या निष्काळजीपणाने मोडतो आणि सर्वांच्या सावधपणानेच टिकतो. समन्वयाचे सारे महत्त्व यात आले.